गाडीचे तीन गुण आणि मालकाची साक्ष : ह्युंदाई मोटरच्या वाटचालीचे विवेचन

१. प्रश्न आणि मापदंड

जुनी गाडी घेऊन चांगल्या मेकॅनिककडे गेलो, तर तो कंपनीचे कौतुक करत बसत नाही आणि नावेही ठेवत नाही. त्याचे प्रश्न दोनच असतात : "कोणत्या सालची?" आणि "किती फिरलीय?" मग तो बॉनेट उघडतो, डिपस्टिक काढून फडक्याने पुसतो, पुन्हा बुडवतो, टोकाचे ऑइल दोन बोटांत चोळून त्यात कच लागते का ते पाहतो. बोलतो तो त्यानंतर.

गाड्यांविषयीची मते ऐकताना आपण मात्र ही शिस्त विसरतो. लग्नघरी, ऑफिसच्या डब्याच्या वेळी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये "ह्युंदाई घ्या, डोक्याला ताप नाही" असे एक जण सांगतो आणि "पत्रा पातळ आहे हो" असे दुसरा. दोघेही खोटे बोलत नसतात. पण एकाची गाडी सहा महिन्यांची असते, दुसऱ्याची अकरा वर्षांची. एक ॲव्हरेजबद्दल बोलत असतो, दुसरा अपघाताबद्दल. ही दोन विधाने एकाच तराजूत घालता येत नाहीत.

दक्षिण कोरियाच्या ह्युंदाई मोटर कंपनीची वाटचाल आणि तिच्या गाड्यांविषयी मालकांनी वेळोवेळी दिलेला कौल या दोन गोष्टी येथे शेजारी ठेवून तपासायच्या आहेत. मालकाचे मत कंपनीबद्दल नेमके काय सांगते, केव्हा सांगते, आणि कोणती गोष्ट ते सांगूच शकत नाही, हा प्रश्न आहे.

त्यासाठी अर्थशास्त्रातले एक वर्गीकरण उपयोगी पडते. फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये वस्तूंच्या गुणांचे दोन प्रकार सांगितले : विकत घेण्याआधी पारखता येणारे आणि वापरल्यावरच समजणारे. १९७३ मध्ये मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी त्यांत तिसऱ्याची भर घातली : वापरूनही ग्राहकाला सहसा न समजणारे. गाडीच्या बाबतीत आपण त्यांना दर्शनी गुण, अनुभवाचे गुण आणि झाकलेले गुण म्हणू. किंमत, रंग, सीटची उंची, डिकीतली जागा, टचस्क्रीन हे दर्शनी गुण शोरूममध्येच कळतात. ॲव्हरेज, घाटातले पिकअप, सस्पेन्शन, सर्व्हिसिंगचा खर्च, पाच वर्षांनी दारांतून येणारी खडखड हे अनुभवाचे गुण. टक्कर झाल्यास गाडीचा सांगाडा किती टिकेल, इंजिनाच्या आत ऑइलची वाट मोकळी आहे की नाही, हे झाकलेले गुण. दहा वर्षे गाडी चालवूनही बहुतेक मालकांना त्यांचा पत्ता लागत नाही.

माझे प्रतिपादन असे : ह्युंदाईचा इतिहास हा या तीन पायऱ्या क्रमाने चढण्याचा इतिहास आहे. पहिलीवर ती लवकर पोहोचली, दुसरीसाठी तिला मोठी किंमत मोजावी लागली आणि तिसरीवर तिची परीक्षा अजून चालू आहे. मालकाची साक्ष पहिल्या दोन पायऱ्यांवर मोलाची आहे, तिसरीवर मात्र तिच्या जोडीला दुसरे साक्षीदार लागतात.

२. मातीचे रस्ते आणि उसने इंजिन

संस्थापक चुंग जु-युंग यांचा जन्म १९१५ मध्ये तोंगचोन भागातल्या एका शेतकरी कुटुंबात झाला. हा भाग आज उत्तर कोरियात आहे. घरातून पळून सोलला जाण्यासाठी त्यांनी एकदा वडिलांनी गाय विकून आणलेले पैसे उचलले होते. पुढे तांदळाच्या दुकानात नोकरी करून त्यांनी ते दुकानच चालवायला घेतले, आणि १९४० मध्ये मोटारदुरुस्तीचे गॅरेज काढले. ते थोड्याच दिवसांत आगीत जळाले, तेव्हा कर्ज काढून पुन्हा उभे केले. १९४६ मध्ये नवे गॅरेज निघाले त्याला 'ह्युंदाई' हे नाव मिळाले. या शब्दाचा अर्थ आधुनिक काळ. पुढच्याच वर्षी बांधकामाची कंपनी निघाली आणि समूह रस्ते, पूल, जहाजे यांत वाढत गेला. मोटार बनवण्याच्या कितीतरी आधी हे घराणे मोटार दुरुस्त करत होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. हा धागा पुढे पुन्हा येणार आहे.

ह्युंदाई मोटर कंपनी डिसेंबर १९६७ मध्ये स्थापन झाली. सूत्रे धाकटे भाऊ चुंग से-युंग यांच्याकडे होती. फोर्डशी करार झाला आणि १९६८ च्या अखेरीस उल्सानच्या कारखान्यातून कोर्टिना बाहेर पडू लागली. सुटे भाग बाहेरून आणायचे आणि तेथे जोडायचे, असे ते काम होते. कोर्टिना इंग्लंडच्या डांबरी रस्त्यांसाठी घडवलेली गाडी होती. त्या काळच्या कोरियात मातीचे, खडीचे रस्तेच फार, आणि गाड्यांचा मोठा ग्राहक टॅक्सीवाला. गाड्या वारंवार बिघडू लागल्या आणि टॅक्सीवाले खवळले.

ह्युंदाईला मिळालेला मालकांचा हा पहिला कौल. तो टॅक्सीवाल्यांकडून आला याला महत्त्व आहे. घरची गाडी कित्येक वर्षांत जेवढी फिरत नाही, तेवढी टॅक्सी वर्षभरात फिरते. त्यामुळे अनुभवाचे गुण टॅक्सीत लवकर उघडे पडतात. शिवाय टॅक्सी उभी राहिली की त्या दिवशी चूल पेटायची पंचाईत, म्हणून टॅक्सीवाल्याचे मत स्पष्ट असते. आपल्याकडेही गाडी घेताना अनेक जण ओळखीच्या टॅक्सीवाल्याला विचारतात. ती सवय शहाणपणाची आहे.

फोर्डबरोबर भागीदारी वाढवण्याची बोलणी १९७३ मध्ये फिसकटली आणि कंपनीने स्वतःची गाडी काढायचे ठरवले. ब्रिटिश लेलँडमधून बाहेर पडलेले जॉर्ज टर्नबुल १९७४ मध्ये आले, त्यांच्याबरोबर आणखी काही ब्रिटिश इंजिनिअर आले. गाडीचे रूप इटलीच्या जॉर्जेत्तो जुजारो यांनी रेखाटले. इंजिन आणि गिअरबॉक्स जपानच्या मित्सुबिशीचे. १९७४ च्या तुरिन प्रदर्शनात 'पोनी' जगाला दाखवली गेली, डिसेंबर १९७५ मध्ये उत्पादन सुरू झाले, आणि १९७६ मध्ये पाच पोनी गाड्या दक्षिण अमेरिकेतल्या इक्वाडोरला रवाना झाल्या. कोरियाची मोटार परदेशी गेली ती अशी, पाच गाड्यांनी.

पोनीला 'उसनवारीची गाडी' म्हणता येईल, पण ते अर्धेच सत्य होईल. ज्ञान विकत घेतले, तरी ते एकत्र बांधण्याचे कसब घरात तयार होत होते. १९८४ पासून कंपनीने स्वतःच्या इंजिनाचे काम हाती घेतले. त्यासाठी जनरल मोटर्समध्ये काम करणारे कोरियन इंजिनिअर ली ह्युन-सून यांना बोलावले, आणि १९९१ मध्ये 'अल्फा' हे कंपनीचे पहिले स्वतःचे इंजिन तयार झाले. एवढ्या काळात जग मात्र थांबले नव्हते, आणि ह्युंदाईलाही घाई होती.

३. एक्सेल : स्वस्ताईची परीक्षा

१९८४ मध्ये पोनी कॅनडात गेली आणि अपेक्षेच्या कितीतरी पट खपली. त्या बळावर १९८६ मध्ये कंपनी अमेरिकेत उतरली. 'एक्सेल' या गाडीची किंमत ४,९९५ डॉलर होती. पहिल्याच वर्षी १,६८,८८२ गाड्या विकल्या गेल्या. अमेरिकेत नव्याने आलेल्या कोणत्याही परदेशी कंपनीसाठी हा तेव्हा विक्रम होता.

पहिल्या वर्षीची मते ऐकली असती तर सगळे आनंदी दिसले असते, कारण लोक दर्शनी गुणांबद्दल बोलत होते. जुन्या गाडीच्या पैशांत नवी कोरी गाडी, पुढच्या चाकांना ताकद देणारी आधुनिक रचना, नीटनेटके रूप. दोन-तीन हिवाळे गेल्यावर अनुभवाचे गुण बोलू लागले. भाग झिजू लागले, गंज दिसू लागला, दुरुस्तीच्या फेऱ्या वाढल्या. जुनी एक्सेल विकायला काढली की भाव पडे. हळूहळू 'ह्युंदाई' हा शब्दच अमेरिकेत रात्रीच्या टीव्ही कार्यक्रमांतल्या विनोदाचा विषय झाला. कॅनडात क्वेबेक प्रांतातील ब्रोमाँट येथे १९८९ मध्ये सुरू केलेला कारखाना १९९३ मध्ये बंद करावा लागला. १९९८ मध्ये अमेरिकेतली वर्षाची विक्री सुमारे ९० हजारांवर आली होती.

या उतरणीतून एक नियम हाती लागतो. गाडीबद्दलचे मत गाडीच्या गुणवत्तेच्या काही वर्षे मागून चालते. गाडी आज बनते, तिचा खरा अनुभव तीन-चार वर्षांनी येतो, तो चार लोकांत पसरायला आणखी दोन वर्षे लागतात. म्हणून वाईट गाड्या विकणाऱ्या कंपनीचे नाव काही काळ चांगले राहते, आणि चांगल्या गाड्या बनवू लागलेल्या कंपनीचे नाव काही काळ वाईटच राहते. पहिला भाग ह्युंदाईने १९८६ नंतर अनुभवला, दुसरा १९९८ नंतर.

४. दहा वर्षांचे वचन

१९९७-९८ च्या आशियाई आर्थिक संकटाने कोरियाचे कंबरडे मोडले. किया ही प्रतिस्पर्धी कंपनी बुडीत निघाली आणि १९९८ मध्ये ती ह्युंदाईने घेतली. त्याच सुमारास ह्युंदाई मोटरची सूत्रे संस्थापकांचे पुत्र चुंग मोंग-कू यांच्या हाती आली. त्यांची पार्श्वभूमी पाहण्यासारखी आहे. ते अनेक वर्षे समूहाच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या सर्व्हिस कंपनीचे प्रमुख होते. म्हणजे मोटार कंपनीच्या सर्वोच्च खुर्चीवर असा माणूस बसला, ज्याच्याकडे तोवर ग्राहकांच्या तक्रारी येत होत्या.

सूत्रे घेतल्यावर ते उल्सानच्या कारखान्यात गेले तेव्हाचा एक प्रसंग सांगितला जातो. त्यांनी सोनाटा गाडीचे बॉनेट उघडायला लावले. आत वायरी लोंबत होत्या, नळ्या एकमेकींत गुंतल्या होत्या, बोल्टना चार वेगवेगळे रंग होते. बोल्ट-स्क्रू सगळे काळ्या रंगात रंगवा आणि सगळे नीट झाल्याशिवाय एकही गाडी बाहेर सोडू नका, असे त्यांनी बजावले. बोल्टच्या रंगाने इंजिन काही जास्त चालत नाही. पण जेथे चार रंगांचे बोल्ट चालतात तेथे चार प्रकारची हयगयही चालत असणार, हे गॅरेज पाहिलेल्या माणसाला उमगते. आपला मेकॅनिकही बॉनेट उघडल्यावर आधी वायरींकडे पाहतो.

याच काळात अमेरिकेत कंपनीने एक घोषणा केली : इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकांपर्यंत ताकद पोहोचवणारे भाग यांना दहा वर्षे किंवा एक लाख मैल, म्हणजे सुमारे १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी येईल तोवर वॉरंटी. हे पूर्ण संरक्षण पहिल्या मालकापुरते होते. तरी ज्या कंपनीच्या टिकाऊपणावर लोक हसत होते, तिने टिकाऊपणाचीच हमी द्यावी हे धाडस होते.

त्यामागचे अर्थशास्त्र सरळ आहे. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्याच बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले, की विकणाऱ्याला माल माहीत असतो आणि घेणाऱ्याला नसतो, अशा बाजारात चांगल्या मालालाही वाईट मालाचाच भाव मिळतो. पुढे २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. ह्युंदाई याच कोंडीत अडकली होती. गाडी सुधारली तरी ती सुधारली आहे हे ग्राहकाने का मानावे? लांब वॉरंटी हे त्यावरचे उत्तर. बिघाडाचा खर्च ग्राहकाच्या खिशातून निघून कंपनीच्या खिशात जातो, आणि खराब गाडी बनवणाऱ्या कंपनीला असे वचन परवडत नाही. म्हणून वचन स्वतःच पुरावा ठरते. दुसरा परिणाम आतल्या बाजूने झाला. प्रत्येक बिघडलेला भाग आता कंपनीच्या वहीत खर्च म्हणून नोंदला जाऊ लागला. तक्रार आकड्यांत आली की तिच्याकडे दुर्लक्ष करणे कठीण होते.

निकाल दिसू लागले. २००३ मध्ये अमेरिकेतली विक्री ४ लाखांवर गेली. जे. डी. पॉवर या संस्थेच्या २००४ च्या प्रारंभिक गुणवत्ता पाहणीत ह्युंदाईने टोयोटालाही मागे टाकले. ही पाहणी काय मोजते तेही सांगितले पाहिजे : नव्या गाडीच्या पहिल्या ९० दिवसांत मालकांना आलेल्या अडचणी, दर १०० गाड्यांमागे किती. जोडणीतली हयगय मोजायला हे माप चांगले. दहाव्या वर्षीचे इंजिन कसे असेल, हे त्यात दिसत नाही.

५. भारतातला प्रयोग : सँट्रो

भारतात कंपनी १९९६ मध्ये आली. भारतीय भागीदार घेऊन येण्याचा तेव्हा प्रघात होता. ह्युंदाईने संपूर्ण मालकीची कंपनी काढली आणि चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर भागात कारखाना उभारला. सप्टेंबर १९९८ मध्ये 'सँट्रो' बाजारात आली. किंमत साधारण तीन लाख. जाहिरातीत शाहरुख खान होता.

सँट्रोचे दर्शनी रूप काही जणांना उंच, टोपीसारखे, बेढब वाटले. पण त्या उंचीत एक मोठी सोय दडलेली होती. सीट जमिनीपासून वर असल्यामुळे गाडीत शिरताना फार वाकावे लागत नव्हते. गुडघे धरलेल्या आजीला हाताला धरून मारुती ८०० मध्ये बसवणे ज्यांनी केले असेल, त्यांना याचा अर्थ कळेल. आधी डोके खाली, मग कंबर आत, मग एकेक पाय उचलून घ्यायचा. सँट्रोत आजी पाठ टेकवून खुर्चीत बसावे तशी बसे, आणि नऊवारीच्या काष्ट्याला ताण पडत नसे. हा गुण जाहिरातीने नव्हे, घरातल्या म्हाताऱ्यांनी लोकांपर्यंत पोहोचवला.

दुसरी बाब इंजिनाची. ९९९ सीसीच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला वेगळे इंधन पोहोचवणारी मल्टि-पॉइंट फ्युएल इंजेक्शनची रचना होती. लहान गाड्यांत तेव्हा अजून कार्बुरेटर रुळलेला होता. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात नव्या गाड्यांसाठी युरो प्रदूषण मानके घाईने लागू करायला लावली, तेव्हा ही तयारी कंपनीच्या पथ्यावर पडली. थंडीच्या सकाळी चोक न ओढता एका किल्लीत गाडी सुरू होणे हा त्या पिढीच्या मालकांना आलेला नवा अनुभव होता.

अमेरिकेत एक्सेलने जी चूक केली ती भारतात झाली नाही, कारण दोन्हींच्या मध्ये बारा वर्षांची शिकवण होती. स्वस्त गाडी आधी आणि सर्व्हिसिंग नंतर, हा क्रम बदलला होता. सँट्रोनंतर ॲक्सेंट, २००७ मध्ये आय-१०, २००८ मध्ये आय-२०, २०१५ मध्ये क्रेटा अशी मालिका लागली आणि कंपनी देशातली दुसऱ्या क्रमांकाची मोटार विक्रेती म्हणून दीर्घकाळ टिकली. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय कंपनीचे शेअर बाजारात आले. सुमारे २७,८७० कोटी रुपयांची ती विक्री देशातली तोवरची सर्वांत मोठी ठरली.

६. भारतीय मालकांचे मत : काय धरावे, काय सोडावे

इतकी वर्षे मालकांकडून ऐकू येणारी मते तीन गुणांच्या चौकटीत मांडली की गोंधळ बराच कमी होतो.

दर्शनी गुणांवर जवळजवळ एकमत आहे. आतले प्लास्टिक आणि जोडणी नीटस, एसी कडक, स्टेअरिंग आणि क्लच हलके, किमतीच्या मानाने फीचर्स भरपूर. शिकाऊ चालक आणि शहरातल्या गर्दीत रोज गाडी काढणाऱ्या बायका-पुरुषांना हा हलकेपणा मनापासून आवडतो. सनरूफची हौस मध्यमवर्गात पसरवण्यात क्रेटासारख्या गाड्यांचा मोठा वाटा आहे. ही मते पहिल्या दिवसापासून ग्राह्य धरावीत, फक्त ती टेस्ट ड्राइव्हमध्ये स्वतःलाही तपासता येतात, म्हणून त्यांच्यासाठी दुसऱ्याला विचारण्याची गरज कमी.

अनुभवाच्या गुणांवर मत विभागलेले आहे आणि विभागणीला कारण आहे. हलके स्टेअरिंग गल्लीत सुखाचे, पण एक्स्प्रेसवेवर शंभरच्या पुढे तेच बिनवजनाचे वाटते. २०११ च्या व्हर्नाबद्दल मालकांची ठळक तक्रार हीच होती : मागचे सस्पेन्शन मऊ, वेगात गाडी तरंगल्यासारखी होते. पुढच्या पिढीत कंपनीने सस्पेन्शन कडक केले आणि तक्रार ओसरली. २०११ ची व्हर्ना चालवलेला माणूस आजही "ह्युंदाई हायवेला हलते" म्हणत असेल, तर त्याचे म्हणणे त्याच्या गाडीबाबत खरे आहे, आजच्या गाडीला ते तसेच लावू नये. ॲव्हरेजच्या बाबतीत टर्बो पेट्रोलचे मालक शहरात नाराज आणि हायवेवर समाधानी असतात. ड्युअल क्लच ऑटोमॅटिक घेतलेले मालक चढावरच्या ट्रॅफिकमध्ये क्लच तापण्याबद्दल बोलतात. या तक्रारी गाडीच्या जितक्या आहेत तितक्याच वापराच्या आहेत. म्हणून मत देणारा रोज कुठून कुठे जातो, हे विचारल्याशिवाय त्याच्या मताला आकार येत नाही.

सर्व्हिसिंगबद्दलचे मत आणखी जपून घ्यावे. ते कंपनीबद्दल असते तसेच एखाद्या गावच्या एका वर्कशॉपबद्दलही असते. बाहेरगावी सर्व्हिस सेंटर सहज सापडते, भाग मिळतात, हा अनुभव बहुतेकांचा चांगला आहे. बिलात न सांगितलेली कामे घुसतात, ही कुरकुर सगळ्याच कंपन्यांच्या मालकांकडून ऐकू येते.

झाकलेल्या गुणांवर मात्र लोक सर्वांत ठामपणे बोलतात आणि त्यांच्याकडे पुरावा सर्वांत कमी असतो. दार लावताना 'धप्' असा भरीव आवाज आला की गाडी मजबूत, आणि पोकळ आवाज आला की पत्रा पातळ, असा निवाडा होतो. दाराचा आवाज रबर, कुलूप आणि आतले अस्तर यांवर बराच अवलंबून असतो. टक्कर झाल्यास जीव वाचतो तो सांगाडा, सीटबेल्ट आणि एअरबॅग यांच्या मेळामुळे, आणि त्याचा अंदाज बोटाने पत्रा दाबून येत नाही.

तेथे चाचणीच लागते. गाड्यांच्या टक्कर-चाचण्या घेऊन तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचण्यांत २०१४ मध्ये आय-१० ला आणि २०१६ मध्ये इऑनला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. दोन्ही एअरबॅग नसलेल्या मूळ आवृत्त्या होत्या. २०२० मध्ये ग्रँड आय-१० निऑसला दोन तारे मिळाले. हजारो समाधानी मालक आणि शून्य तारे, हे दोन्ही एकाच वेळी खरे होते. समाधान दर्शनी व अनुभवाच्या गुणांचे होते, तारे झाकलेल्या गुणाचे. पुढे २०२३ मध्ये कंपनीने सर्व मॉडेलांत सहा एअरबॅग द्यायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी व्हर्नाने पाच तारे मिळवले. त्या अहवालातही सांगाडा 'अस्थिर' गटात धरला होता. पाच ताऱ्यांबरोबर हे वाक्यही वाचणाऱ्याला चित्र पुरे कळते.

७. झाकलेला गुण आणि दुसरे साक्षीदार

तिसऱ्या पायरीवरच्या कंपनीच्या अडचणी अमेरिकेत जास्त ठळकपणे पुढे आल्या, कारण तेथली तपास यंत्रणा कडक आहे. तीन प्रकरणे पाहू; पहिले दुसऱ्या पायरीवरचे, तुलनेसाठी.

पहिले ॲव्हरेजचे. २०१२ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण यंत्रणेने जाहीर केले, की ह्युंदाई आणि किया यांनी सुमारे ९ लाख गाड्यांचे ॲव्हरेज फुगवून सांगितले होते. तपासाला निमित्त झाल्या मालकांच्या तक्रारी. टाकी फुल करायची, किलोमीटर मांडायचे, पुढच्या वेळी फुल करताना लागलेल्या इंधनाने भागायचे, हा हिशेब आपल्याकडेही घरोघरी डायरीत असतो. तोच हिशेब तेथे हजारोंनी केला आणि तो लेबलशी जुळेना. कंपन्यांनी मालकांना भरपाई दिली, आणि २०१४ मध्ये १० कोटी डॉलरचा दंड मान्य केला. मालकाची साक्ष किती ताकदीची असू शकते, याचे हे उत्तम उदाहरण. गुण अनुभवाचा होता, म्हणून ती चालली.

दुसरे 'थीटा-२' इंजिनाचे. येथे थोडे आत शिरून पाहू. क्रँकशाफ्ट म्हणजे पिस्टनची वरखाली हालचाल गोल फिरण्यात बदलणारा दांडा. पिस्टनचा दांडा त्याला जेथे जोडला जातो तेथे बेअरिंग असते, आणि बेअरिंग व दांडा यांच्यामध्ये ऑइलचा केसाहून पातळ थर असतो. धातू धातूला टेकू न देण्याचे सगळे काम त्या थराचे. ऑइल तेथे पोहोचते क्रँकशाफ्टच्या पोटातल्या बारीक वाटांनी. अमेरिकेत बनलेल्या काही इंजिनांत कातकामाचा धातूचा कीस या वाटांत राहून गेला होता. ऑइल कमी पडले, बेअरिंग झिजले, इंजिनातून ठकठक येऊ लागली आणि रेस वाढवली की ती वाढू लागली. पुढची पायरी म्हणजे धावत्या रस्त्यावर इंजिन जाम. २०१५ मध्ये २०११-१२ सालच्या सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा परत बोलावल्या गेल्या. मालकांनी ठकठक ऐकली होती, पण तिचे मूळ कारखान्यात आहे हे त्यांना कसे कळणार? अनेकांना ऑइल वेळेवर बदलले नसेल असेच वाटले असणार.

या प्रकरणातला साक्षीदार कारखान्याच्या आतून आला. किम ग्वांग-हो हे ह्युंदाईत अनेक वर्षे काम केलेले इंजिनिअर. कंपनी दोष पुरेसा उघड करत नाही, परत बोलावलेल्या गाड्या पुरेशा नाहीत, असे त्यांनी २०१६ मध्ये कोरियाच्या आणि अमेरिकेच्या अधिकाऱ्यांना कळवले. त्यांची नोकरी गेली. २०२० मध्ये ह्युंदाई आणि किया या दोन्ही कंपन्यांनी अमेरिकी रस्ता सुरक्षा यंत्रणेशी दंडाचा समझोता केला, आणि २०२१ मध्ये त्या यंत्रणेने किम यांना २ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली.

तिसरे चोरीचे. किल्लीची ओळख पटल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारे इमोबिलायझर हे उपकरण अमेरिकेतल्या अनेक स्वस्त ह्युंदाई व किया मॉडेलांत नव्हते. मालकांची काही तक्रार नव्हती, कारण नसलेली गोष्ट जाणवत नाही. २०२१ नंतर गाड्या चोरण्याची युक्ती समाजमाध्यमांवर पसरली आणि चोऱ्यांचे सत्र सुरू झाले. २०२३ मध्ये कंपन्यांना सॉफ्टवेअर बदलून द्यावे लागले आणि मालकांशी भरपाईचा समझोता करावा लागला. वर्षानुवर्षे समाधानी असलेला मालक एका सकाळी रिकाम्या जागेपुढे उभा राहिला.

कोरियातल्या मालकांची एक जुनी शंकाही येथेच नोंदवायला हवी : निर्यातीच्या गाड्या चांगल्या आणि घरच्यांसाठी हलक्या बनतात. हा संशय इतका रुजला, की ऑगस्ट २०१५ मध्ये कंपनीने सोंगदो येथे अमेरिकेत बनलेली एक सोनाटा आणि कोरियात बनलेली एक सोनाटा लोकांसमोर समोरासमोर धडकवून दाखवली. दोन्हींची अवस्था सारखीच निघाली. शब्दांनी न मिटलेला संशय मिटवायला दोन गाड्या फोडाव्या लागतात, इतका झाकलेल्या गुणांवरचा विश्वास महाग असतो.

विजेवरच्या गाड्यांत ही पायरी अधिकच उंच होते. आयोनिक-५ ही गाडी २०२२ मध्ये जगातली सर्वोत्तम मोटार ठरली. तिच्या रेषांत जुन्या पोनीची आठवण मुद्दाम ठेवली आहे. पण बॅटरीच्या एका सेलमधला दोष किंवा चार्जिंग नियंत्रकातला बिघाड मालकाला ठकठक करूनही सूचना देत नाही. कोना इलेक्ट्रिकच्या आगींनंतर २०२१ मध्ये जगभरातल्या हजारो गाड्यांच्या बॅटऱ्या बदलण्याचा निर्णय कंपनीला घ्यावा लागला. गाडी जितकी शांत, तितका मालक तिच्या आतल्या दोषांपासून दूर.

८. निष्कर्ष

या विवेचनातून तीन गोष्टी निघतात.

एक, मताला तारीख आणि किलोमीटर असतात. ते विचारल्याशिवाय कोणतेही मत, स्तुतीचे किंवा निंदेचे, धरू नये. दोन, ह्युंदाईची सर्वांत मोठी झेप आली ती अनुभवाच्या गुणांचा खर्च कंपनीने स्वतःच्या अंगावर घेतल्यावर. दुरुस्तीच्या बाजूने आलेल्या माणसाने कारखान्याचे बॉनेट उघडले, म्हणून एक्सेलची पुनरावृत्ती झाली नाही. तीन, झाकलेल्या गुणांसाठी मालकाची साक्ष अपुरी आहे. तेथे टक्कर-चाचणी हवी, दंड करू शकणारा कायदा हवा, आणि दोष दिसल्यावर बोलणारा आतला माणूस हवा. भारतात २०२३ पासून भारत एनकॅप सुरू झाले, हे पहिल्या साक्षीदाराचे आगमन. उरलेल्या दोघांना बळ देणे बाकी आहे.

आपल्यासाठी हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. पुण्याजवळ तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला आणि २०२० च्या अखेरीस थंडावला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने तो घेण्याचा करार केला आणि २०२५ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले. मराठी माणूस आजवर या गाडीचा मालक होता. आता तळेगाव, चाकण, वडगाव मावळच्या घराघरांतून तो सकाळच्या पाळीला तीच गाडी जोडायला जातो. क्रँकशाफ्टची वाट धुताना राहिलेला कीस मालकाला कधीच दिसणार नाही, मेकॅनिकला दिसेल तोवर पाच वर्षे गेलेली असतील. लाइनवर उभ्या असलेल्या त्या मुलाला तो त्याच क्षणी दिसेल. त्याने हात वर करून लाइन थांबवली, तर त्याला शाबासकी मिळेल अशी व्यवस्था असणे, ही या कंपनीच्या तिसऱ्या पायरीची खरी कसोटी आहे. त्या गाडीचा मालक पुढे काय मत देईल, ते त्या मिनिटात ठरणार आहे.